इमारतीतील वाट आणि माणसाची पावले

दुर्घटना घडली की वृत्तपत्रांतून एक वाक्य हमखास वाचावयास मिळते : 'गर्दी बिथरली आणि लोक चिरडले गेले.' या वाक्याने दोष मृतांच्या माथी जातो आणि इमारत मात्र निर्दोष सुटते. हा निवाडा कितपत न्याय्य आहे? त्याचे उत्तर हवे असेल, तर माणूस इमारतीत वाट कशी शोधतो याचे शास्त्र समजून घेतले पाहिजे. प्रस्तुत लेखात त्या शास्त्राचा अल्प परिचय करून देण्याचा आमचा प्रयत्न आहे.

प्रतिमान म्हणजे वास्तवाची सुटसुटीत गणिती प्रतिकृती होय. इमारतीचे सर्वांत साधे प्रतिमान असे : प्रत्येक खोली हा एक बिंदू आणि दोन खोल्यांना जोडणारे दार ही एक रेषा. अशा जाळ्यातील सर्वांत जवळची वाट काढण्याची रीत डच शास्त्रज्ञ डायक्स्ट्रा यांनी १९५९ साली प्रसिद्ध केली. परंतु तिच्यात माणूस एकटाच चालतो. त्याला गर्दीचा अडसर नाही. म्हणून दुसऱ्या प्रकारात जमिनीचे सुमारे ४० सेंटिमीटर बाजूचे चौकोन पाडतात. एका चौकोनात एका वेळी एकच माणूस उभा राहू शकतो व तो शेजारच्या मोकळ्या चौकोनात सरकतो.

तिसरा प्रकार हेल्बिंग व मोल्नार यांनी १९९५ साली मांडला. त्यात प्रत्येक व्यक्तीला तिचे ध्येय पुढे ओढते, तर इतर माणसे आणि भिंती तिला दूर सारतात, असे गृहीत धरले जाते. याच विचाराचा विस्तार करून हेल्बिंग, फार्कश आणि विचेक यांनी २००० साली 'नेचर' या नियतकालिकात दाखवून दिले की, अरुंद दारापाशी सर्वांनीच घाई केली तर बाहेर पडण्याचा वेग वाढत नाही, उलट घटतो. माणसे दारापुढे कमानीसारखी एकमेकांत अडकतात. अर्थात, प्रत्येकाची धडपड स्वाभाविक असूनही सर्वांचा परिणाम घातक होऊ शकतो.

तथापि एक प्रश्न उरतोच. माणूस जवळचे दार निवडतो काय? इंग्लंडमधील मानसशास्त्रज्ञ जोनाथन साइम यांनी १९८५ साली प्रतिपादन केले की, संकटकाळी माणूस परिचित जागेकडे आणि परिचित माणसांकडे वळतो. ज्या दाराने तो आत आला, तेच त्याच्या मनातील दार असते.

याचा विदारक प्रत्यय २० फेब्रुवारी २००३ रोजी अमेरिकेतील ऱ्होड आयलंड राज्यात आला. 'द स्टेशन' या करमणूक गृहात संगीताच्या कार्यक्रमातील आतषबाजीने भिंतीवरील फोमने पेट घेतला आणि १०० माणसे मृत्यू पावली. दारे चार होती. परंतु बहुसंख्य लोक पुढच्या मुख्य दाराकडेच धावले आणि दीड मिनिटाच्या आत ते दार माणसांनी जवळजवळ बंद झाले. अमेरिकेच्या राष्ट्रीय मानक संस्थेने पुढे या घटनेचा तपास करताना संगणकीय प्रतिमानांचाही आधार घेतला.

यावरून एक गोष्ट स्पष्ट होते. सर्वांना सर्व दारे ठाऊक आहेत असे गृहीत धरणारे प्रतिमान कागदावर इमारत सुरक्षित ठरवील. प्रत्यक्षात मात्र माणसे एकाच दाराशी साचतील. प्रतिमानाचे उत्तर त्याच्या गृहीतकाइतकेच खरे असते. म्हणून माणसाला काय ठाऊक आहे, त्याला काय दिसते, हे दारांच्या संख्येइतकेच मोजले पाहिजे.

ज्याला दुसरे दार कधी दाखविलेच नाही, त्याने ते निवडले नाही म्हणून त्याला अविचारी म्हणता येणार नाही. परिणामाचे कारण शोधावयाचे तर ते रचनेत शोधावे. आपली सभागृहे, शाळा व वसतिगृहे यांची मागची दारे कुलूपबंद तर नाहीत ना, ती नित्य वापरात आहेत ना, हे वाचकांनी आजच पाहावे, अशी आमची विनंती आहे. रोजच्या वापरातील दारच संकटकाळी आठवते.