आधी पारख, मग विश्वास : लिनक्सवर क्लाउडचे साधन बसविताना

परंपरेने चालत आले, ग्रंथात आढळले किंवा गुरूंनी सांगितले, एवढ्यावरून कोणतीही गोष्ट स्वीकारू नका, स्वतः पारखून घ्या, असा उपदेश तथागतांनी केसपुत्तच्या कालामांना केला. संगणकावर नवे साधन बसवितानाही तो तितकाच उपयोगी आहे.

समजा, वसतिगृहातील एखाद्या विद्यार्थ्याने शिष्यवृत्त्यांची माहिती देणारे संकेतस्थळ स्वतःच्या लॅपटॉपवर तयार केले. ते गावोगावच्या मुलांना दिसायचे, तर अहोरात्र चालणाऱ्या संगणकावर ठेवावे लागते. असे संगणक भाड्याने देणारी व्यवस्था म्हणजे ‘क्लाउड’. नाव ढगाचे असले, तरी यंत्रे जमिनीवरच असतात. मायक्रोसॉफ्टने २०१५ मध्ये पुण्यात आणि ॲमेझॉनने २०१६ मध्ये मुंबईत अशी सेवा सुरू केली.

लॅपटॉपवरील काम क्लाउडवर नेणाऱ्या साधनांपैकी एक म्हणजे २०११ मध्ये सर्वांसाठी खुल्या झालेल्या ‘क्लाउड फाउंड्री’चे ‘सीएफ’. उबंटू किंवा डेबियन लिनक्सवर ते चार टप्प्यांत बसते. प्रथम निर्मात्यांची सार्वजनिक किल्ली त्यांच्या अधिकृत पत्त्यावरून उतरवून घ्यावी. नंतर त्यांच्या भांडाराचा पत्ता त्या किल्लीसह ‘एपीटी’च्या यादीत नोंदवावा. मग ‘अपडेट’ची आज्ञा देऊन सूची ताजी करावी आणि शेवटी ‘इन्स्टॉल’ची आज्ञा द्यावी. सेवा देणाऱ्या संस्थेकडे खाते असल्यास ‘सीएफ लॉगिन’ने प्रवेश करून ‘सीएफ पुश’ म्हणताच कार्यक्रम क्लाउडवर चढतो.

यातील पहिला टप्पा अनेकांना निरर्थक वाटतो. वास्तविक पुढील साऱ्या तपासणीचा पाया तोच आहे. सूचीवरील स्वाक्षरी त्या किल्लीशी जुळते का, हे एपीटी पाहते. उतरवलेल्या संचाचा अंकीय ठसाही सूचीशी ताडते. वाटेत कोणी फेरफार केला असेल, तर तो येथे उघड होतो. याउलट, कुठूनतरी मिळालेली एक ओळ ‘सुडो’ लावून चालविणे म्हणजे घराच्या साऱ्या किल्ल्या अनोळखी माणसाच्या हाती देणे होय.

तरीही स्वाक्षरी केवळ कर्ता सांगते, त्याच्या हेतूची हमी देत नाही. मार्च २०२४ मध्ये ‘एक्सझेड’ या लिनक्सवरील साधनात चोरवाट आढळली. दीर्घकाळ काम करून विश्वास संपादन केलेल्या व्यक्तीनेच ती घातली होती. दूरच्या संगणकात प्रवेश करताना सुमारे अर्धा सेकंद जादा लागतो, एवढ्या खुणेवरून आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याने तिचा माग काढला. मूळ आज्ञावली सर्वांना खुली असल्यामुळेच त्यांना तो काढता आला.

राजर्षी शाहू महाराजांनी १९०१ पासून वसतिगृहे उभारून ज्ञानाची बंद दारे उघडली, त्या कोल्हापूरला या खुलेपणाचे मोल सांगावे लागत नाही. लिनक्स विनामूल्य मिळते, हा लाभ मोठाच आहे. मात्र ते कोणालाही उघडून तपासता येते, हा लाभ त्याहून मोठा आहे. आपला पाल्य नवे साधन बसवीत असेल, तर पालकांनी त्याला अवश्य विचारावे : हे कोणाकडून आले, आणि ते तू कशावरून ओळखलेस?