टॅपेट जुळवताना

इंजिनातून ‘टकटक’ ऐकू येऊ लागली, की आपण गाडी तडक मिस्त्रीकडे नेतो. जावा वा राजदूतसारख्या टू-स्ट्रोक गाड्यांना ही चिंता नाही. त्यांच्या इंजिनात असे व्हॉल्व्हच नसतात. परंतु बिडाच्या सिलिंडरच्या जुन्या बुलेटचे टॅपेट घरीही जुळवता येतात, हे मी अनुभवाने सांगतो.

इंजिन पूर्ण थंड हवे. म्हणून मी हे काम सकाळीच करतो. गाडी मधल्या स्टँडवर घेऊन टॉप गिअरमध्ये टाकावी. स्पार्क प्लग काढून भोकावर अंगठा ठेवावा आणि सोबत्याला मागचे चाक हळूहळू पुढे फिरवायला सांगावे. हवेचा दाब अंगठा उचलू लागला, की पिस्टन कॉम्प्रेशनमध्ये वर येत आहे असे समजावे. तो अगदी वर आला, की दोन्ही व्हॉल्व्ह मिटलेले असतात. आता सिलिंडरच्या उजव्या अंगाचे झाकण काढून एकेक पुशरॉड चिमटीत धरावा. तो सहज फिरला पाहिजे, पण वर-खाली हलता कामा नये. तसे नसल्यास लॉकनट सैल करून ॲडजस्टर फिरवावा. लॉकनट आवळताना माप बदलते. तेव्हा पुन्हा एकदा फिरवून पाहावे.

आवाज अजिबात बंद करण्याच्या मोहात मात्र पडू नये. व्हॉल्व्ह आपल्या बैठकीवर टेकतो, तेव्हाच त्याची उष्णता सिलिंडर हेडमध्ये उतरते. टॅपेट घट्ट राहिल्यास तो पुरता टेकत नाही. तप्त वायू फटीतून सुटतात आणि एक्झॉस्ट व्हॉल्व्ह जळतो. मग हेड उतरवण्यावाचून गत्यंतर नसते. किंचित वाजणारे इंजिन कानाला खुपेल, पण व्हॉल्व्ह शाबूत राहील.