बेंडिंग मोमेंटची आकृती संगणक कशी काढतो?

टोकांना टेकलेला बीम भाराखाली वाकतो तेव्हा त्याचे खालचे थर ताणले जातात आणि वरचे दाबले जातात. प्रत्येक छेदात या ताण-दाबाच्या जोडीतून जो आघूर्ण तयार होतो, तो बेंडिंग मोमेंट. काँक्रीटच्या बीममध्ये सळ्या किती आणि कुठे घालायच्या, हे मुख्यतः त्याच्या आकृतीवरून ठरते.

समजा, 6 मीटरचा बीम दोन्ही टोकांना नुसता टेकलेला आहे आणि त्यावर दर मीटरला 20 किलोन्यूटन भार आहे. हाताने गणित केले तर टोकांशी मोमेंट शून्य, मध्यावर 90 किलोन्यूटन-मीटर आणि आकृती पॅराबोलाची येते.

फायनाइट एलिमेंट सॉफ्टवेअर मात्र आधी मोमेंट शोधत नाही. ते बीमचे तुकडे, म्हणजे एलिमेंट पाडते आणि त्यांची टोके, म्हणजे नोड किती सरकले आणि किती वळले, ते शोधते. दोन नोडांमधला वाकलेला आकार नेहमीच्या बीम एलिमेंटमध्ये त्रिघाती बहुपदीने मांडलेला असतो. मोमेंट वक्रतेवरून मिळतो आणि वक्रतेसाठी या बहुपदीचे दोनदा विकलन करावे लागते. मग हाती उरते ती फक्त सरळ रेषा. पॅराबोला तिच्यात मावतच नाही. वरच्या बीमला एकच एलिमेंट दिले, तर टोकापासून टोकापर्यंत 60 ची सपाट रेघ येते. विशेष म्हणजे नोडांचे वळण तेव्हाही अचूक असते आणि आधारांच्या प्रतिक्रियांची बेरीजही 120 किलोन्यूटन भरते. म्हणून केवळ बेरीज जुळली की निर्धास्त होणे धोक्याचे. आकृतीचा उतार म्हणजे शिअर फोर्स. सपाट रेघ तो शून्य सांगते, आणि आधारावर तर 60 किलोन्यूटन आहेत! चूक इथे पकडली जाते.

चांगले सॉफ्टवेअर या रेघेत टोके जखडलेल्या बीमचे मोमेंट मिळवते: टोकांना उणे 60, मध्यावर अधिक 30. लगेच शून्य आणि 90 मिळतात. ही भर नसेल तर एलिमेंट वाढवावे लागतात. दोन एलिमेंटना मध्यावर 105 येतात, चारांना 93.75, एलिमेंटची लांबी निम्मी केली की चूक चौपटीने घटते.

आकृती ठरावीक बिंदूंवरची मूल्ये जोडून काढली जाते. बिंदू विरळ असतील, तर एखाद्या बिंदुभाराखालचे शिखर दोन बिंदूंच्या मधोमध हरवते. उभ्या भाराचा मोमेंट सहसा स्टॅड-प्रो या सॉफ्टवेअरमध्ये एमझेड, तर ईटॅब्स या सॉफ्टवेअरमध्ये एम-थ्री या नावाने सापडतो. काही ठिकाणी आकृती ताणाच्या बाजूला काढतात, काही ठिकाणी दाबाच्या. काँक्रीटसाठी ताणाची बाजू सोयीची, कारण मुख्य सळ्या तिकडेच लागतात: मध्यावर खाली, सलग बीमच्या मधल्या आधारांवर वर.