दार उघडे, पण कोणाला?

ख्रिस्ती शाळेचा प्रमुख कसा असावा, यावर गेल्या अर्धशतकात जगभर जे लिहिले गेले त्यातला मोठा भाग ‘सेवक-नेतृत्व’ या कल्पनेभोवती फिरतो. आयुष्यभर एका टेलिफोन कंपनीच्या व्यवस्थापनात राहिलेल्या रॉबर्ट ग्रीनलीफने ती १९७० मध्ये मांडली. गंमत अशी की त्याला ती सुचली हरमान हेसेच्या कादंबरीवरून, बायबलवरून नव्हे; शिष्यांचे पाय धुणारा येशू तिला नंतर आयताच मिळाला. इंग्लंडच्या चर्चनेही २०१६ मध्ये आपल्या शाळांसाठी शहाणपण, आशा, सहजीवन आणि प्रतिष्ठा अशी चतुःसूत्री जाहीर केली. यातले काहीच खोटे नाही, पण हे शब्द कोणत्याही कंपनीच्या स्वागतकक्षातही तितकेच शोभतील. शाळेचे ख्रिस्तीपण खरोखर तपासायचे तर दोन रोकडे प्रश्न विचारावे लागतात. शाळेत कोणाला घेता? आणि आत आलेल्या मुलाच्या श्रद्धेशी कसे वागता? महाराष्ट्रात हे दोन्ही प्रश्न सव्वाशे वर्षांपूर्वीच एका बाईपुढे उभे राहिले होते, आणि तिची उत्तरे आजच्या कॉन्व्हेंट शाळांना अजून अडचणीत टाकतात.

पंडिता रमाबाईंनी ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदासदन सुरू केले. १८८३ मध्ये इंग्लंडमध्ये वाँटेजला त्यांनी बाप्तिस्मा घेतला होता. चेल्टनहॅमच्या लेडीज कॉलेजात डोरोथिया बील या कर्तबगार मुख्याध्यापिकेच्या हाताखाली काम करताना शाळा कशी चालवतात ते त्यांनी जवळून पाहिले होते, आणि तिथेच बिशपांशी त्यांचा खटकाही उडाला होता. एका हिंदी स्त्रीने पुरुष विद्यार्थ्यांना शिकवावे हे बिशपांना रुचले नाही, आणि आपल्या विवेकाची किल्ली दुसऱ्याच्या हाती द्यायला रमाबाई तयार नव्हत्या. पुढे बोस्टनच्या रमाबाई असोसिएशनच्या पैशावर संस्था उभी राहिली ती धार्मिक तटस्थतेच्या अटीवर. ब्राह्मण विधवांना आपले सोवळेओवळे आणि उपासतापास पाळायची मुभा होती. पहिल्या विद्यार्थिनींपैकी गोदूबाई पुढे धोंडो केशव कर्व्यांशी पुनर्विवाह करून बाया कर्वे झाल्या. पुण्याला बिऱ्हाड हलल्यावर न्या. रानडे आणि डॉ. भांडारकर यांच्यासारखी माणसे सल्लागार मंडळावर होती.

ठिणगी पडली ती एका दारावरून. रमाबाई स्वतःच्या खोलीत आपल्या लेकीबरोबर प्रार्थना करत आणि खोलीचे दार बंद करत नसत. काही मुली येऊन बसू लागल्या. ‘केसरी’ने टीकेची झोड उठवली, १८९३ मध्ये सल्लागार मंडळाने राजीनामे दिले आणि पालकांनी पंचवीसेक मुली काढून नेल्या. दार लोटून घेतले असते तर संस्था, वर्गणी आणि प्रतिष्ठित पाठीराखे सगळेच टिकले असते. रमाबाईंनी ते केले नाही. मुलींना त्या बोलवत नव्हत्या, पण आपण ख्रिस्ती आहोत हे लपवायलाही तयार नव्हत्या. सल्लागारांची बाजूही समजून घेतली पाहिजे. ज्या पालकांनी समाजाचा रोष पत्करून मुलगी पाठवली होती, त्यांच्या दृष्टीने तटस्थतेच्या वचनाला इथे तडा गेला होता, आणि आश्रित मुलीवर चालकबाईंच्या नुसत्या उदाहरणाचाही दाब पडतो, हे म्हणणे वावगे नव्हते. तरीही नेतृत्वाचा नमुना म्हणून शारदासदनाची ही चार वर्षे मला फार मोलाची वाटतात. चालक आपली श्रद्धा उघड्यावर ठेवते आणि विद्यार्थिनीची श्रद्धा तिच्या हाती ठेवते. ही कसरत किती अवघड आहे ते इथे स्पष्ट दिसते.

नंतर रमाबाईंनी केडगावला उभारलेले मुक्तिसदन मात्र वेगळे आहे. १८९६-९७ च्या दुष्काळात रमाबाई मध्य प्रांतात जाऊन उपाशी मुली घेऊन आल्या. जातीचा, कुळाचा प्रश्न उरला नाही. १९०० च्या सुमारास मुक्तिसदनात दोन हजारांच्या आसपास मुली-बायका होत्या. शाळेला लागूनच छापखाना, माग आणि शेती होती, आणि मुली खिळे जुळवायलाही शिकत. सर्वांत खालच्या पायरीवरच्या मुलीला आत घेण्याच्या कसोटीला महाराष्ट्रात इतके पुरे क्वचितच कोणी उतरले असेल. पण श्रद्धेच्या कसोटीवर केडगाव शारदासदनापेक्षा कमी पडते. मुक्तिसदन उघडपणे ख्रिस्ती होते. जिला अन्न, वस्त्र, अक्षर आणि छप्पर एकाच हातातून मिळते, तिने घेतलेल्या बाप्तिस्म्यातली स्वेच्छा मोजायची कशी? सेवेआडून धर्मांतर हा आक्षेप सरसकट फेकला जातो तेव्हा तो अन्यायाचा असतो, पण इथे तो झटकून टाकता येत नाही.

आजच्या शाळांकडे पाहिले की हे चित्र बरोबर उलटे झालेले दिसते. राष्ट्रीय बालहक्क आयोगाच्या २०२१ च्या अहवालानुसार ख्रिस्ती शाळांतले सुमारे ७४ टक्के विद्यार्थी ख्रिस्तीतर आहेत. त्याच अहवालात सर्व अल्पसंख्याक शाळा मिळून सामाजिक-आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकांतल्या मुलांचे प्रमाण मात्र ८.७६ टक्के दिले आहे. आयोगाच्या हेतूवर वाद घालता येईल, पण शहरातल्या नामांकित कॉन्व्हेंटच्या प्रवेशाची रांग पाहिलेल्या कोणाला हा आकडा धक्का देणार नाही. २०२४ मध्ये कॅथलिक बिशप परिषदेने शाळांसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या: इतर धर्मांच्या मुलांवर ख्रिस्ती प्रथा लादू नका, परिपाठात संविधानाची उद्देशिका म्हणा. या सूचना योग्यच आहेत, पण त्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर देतात. पहिला प्रश्न तसाच राहतो.

तो कायद्याच्या आडोशाने राहतो. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १२(१)(क) नुसार खासगी विनाअनुदानित शाळांनी पंचवीस टक्के जागा वंचित मुलांना द्यायच्या असतात. ‘प्रमती’ खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये अल्पसंख्याक शाळांना या कायद्यातून वगळले, कारण संविधानाच्या कलम ३० ने त्यांना आपल्या संस्था चालवण्याचा हक्क दिला आहे. १ सप्टेंबर २०२५ रोजी दोन न्यायमूर्तींच्या पीठाने या निकालाबद्दलच शंका घेऊन प्रकरण मोठ्या पीठाच्या विचारासाठी सरन्यायाधीशांकडे पाठवले. कलम ३० पातळ व्हावे असे मला वाटत नाही. बहुमताच्या लहरीपासून लहान समाजांना वाचवणारी ती भिंत आहे. पण ‘प्रमती’ने सक्ती काढली, मनाई केली नाही. स्वखुशीने गरीब मूल घ्यायला कोणत्याही सिस्टरला न्यायालयाची परवानगी लागत नाही.

यावर संस्थाचालक पैशाकडे बोट दाखवतात. विनाअनुदानित शाळेत शिक्षकांचे पगार फीमधूनच होतात, आणि इतर शाळांना शासन देते ती प्रतिपूर्तीही वर्षानुवर्षे थकते. अडचण खरी आहे. शिवाय तलासरीच्या ज्ञानमातेसारख्या आदिवासी भागातल्या शाळा आणि वसतिगृहे याच धर्मसंघांनी उभारली आहेत, हे विसरून चालणार नाही. पण त्यामुळेच प्रश्न जास्त टोचतो: एकाच संघाची तलासरीतली शाळा वारली मुलांसाठी आणि मुंबईतली शाळा फी परवडणाऱ्यांसाठी, ही विभागणी कोणी ठरवली? मोक्याच्या जागा आणि सुस्थितीतले माजी विद्यार्थी ज्यांच्यापाशी आहेत त्यांना दर वर्गात चार-पाच जागांचा खर्च अशक्य नाही. रमाबाईंनी तर बोस्टनहून वर्गणी जमवली होती.

दुसरा आक्षेप जास्त चलाख आहे: गरीब मुलाला प्रवेश देणे हे कोणत्याही सज्जन मुख्याध्यापकाचे काम, त्यात ख्रिस्ती काय? खरेच, त्यावर ख्रिस्त्यांचा मक्ता नाही. पण कायद्यातली सूट जी शाळा धर्माच्या नावावर घेते, तिने तिचा हिशेबही धर्माच्याच भाषेत द्यायला हवा. इतर संस्थाचालक फीचे गणित सांगून मोकळे होऊ शकतात. सर्वांत लहानाला जे केले ते मला केले असे सांगणाऱ्या गुरूचे नाव पाटीवर लावणाऱ्यांना ती सोय नाही.

धर्मसंघांत येणारी तरुण माणसे घटल्यामुळे फादर-सिस्टरांच्या खुर्च्यांवर आता अधिकाधिक संसारी आणि काही ठिकाणी ख्रिस्तीतर मुख्याध्यापक बसत आहेत. संस्था त्यांना शिबिरांत ‘मिशनचा वारसा’ शिकवतात, पण प्रवेशाचे धोरण आणि फीचा तक्ता बहुतेक ठिकाणी वरचे मंडळच ठरवते. तेव्हा सेवक-नेतृत्वाची व्याख्याने मुख्याध्यापकांना देण्याआधी ती मंडळाच्या सभासदांनी ऐकलेली बरी; आणि मोठ्या पीठाचा निकाल लागेपर्यंत थांबण्याचे कारणही त्यांच्यापाशी नाही.