स्वाक्षरी राष्ट्रपतींची, जबाबदारी मंत्रिमंडळाची

राष्ट्रपतिपदाच्या निवडणुकीत बारामती व इंदापूरचे मतदार प्रत्यक्ष मतदान करीत नाहीत. त्यांच्या वतीने दोन्ही तालुक्यांचे आमदार व बारामतीचे खासदार मत देतात. २०२२ च्या निवडणुकीत महाराष्ट्रातील प्रत्येक आमदाराच्या मताचे मूल्य १७५ होते. त्यासाठी १९७१ ची लोकसंख्या आधारभूत धरण्यात आली होती.

राष्ट्रपती घटनात्मक प्रमुख आहेत. राज्यकारभार मंत्रिमंडळ चालविते. मंत्रिमंडळाचा सल्ला बंधनकारक असल्याचे ४२ व्या घटनादुरुस्तीने (१९७६) स्पष्ट केले. तो एकदा फेरविचारार्थ परत पाठविण्याचा अधिकार ४४ व्या दुरुस्तीने (१९७८) दिला.

१७ फेब्रुवारी १९८० रोजी बारामतीचे आमदार, मुख्यमंत्री श्री. शरद पवार यांचे सरकार जाऊन राज्यात राष्ट्रपती राजवट आली. उद्‌घोषणा राष्ट्रपती श्री. नीलम संजीव रेड्डी यांच्या नावाने निघाली. तिची जबाबदारी मात्र केंद्रीय मंत्रिमंडळाची होती. अशा उद्‌घोषणेची न्यायालयीन तपासणी होऊ शकते, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९४ मध्ये बोम्मई खटल्यात ठरविले.

केंद्रीय मंत्रिमंडळ लोकसभेस जबाबदार असते आणि लोकसभा मतदार स्वतः निवडतात. राष्ट्रपतींच्या नावे झालेल्या निर्णयाचा जाब विचारण्याचा मतदारांचा अधिकार तेथे आहे.