एसी बिघडला, की थर्मोस्टॅटचा गैरसमज झाला?



खडकवासल्याला धरणाजवळ राहणाऱ्यांना जानेवारीतल्या पहाटेबद्दल वेगळं सांगायला नको. गुडघेदुखीमुळे आईला थंडी सोसत नाही, म्हणून तिच्या खोलीत आम्ही मोबाइलवरून चालणारा 'हॉट अँड कोल्ड' एसी बसवला. गेल्या हिवाळ्यात तो रोज सकाळी बंद पडायला लागला. मेकॅनिकने फोनवरच निदान केलं, "सर, गॅस गेलाय. कॉम्प्रेसरही बघावा लागेल." खर्चाचा आकडा ऐकून मी म्हटलं, आधी आपणच जरा बघू.

हा एसी म्हणजे खरं तर हीट पंप. आपल्या धरणातलं पाणी मुठा कालव्यातून उतारावर आपोआप वाहत जातं, पण तेच पाणी इमारतीच्या गच्चीवरच्या टाकीत चढवायचं तर पंप लागतो. उष्णतेचंही तसंच आहे. ती आपणहून गरमाकडून थंडाकडे जाते, उलट न्यायची तर कॉम्प्रेसर चालवावा लागतो. उन्हाळ्यात तो घरातली उष्णता बाहेर टाकतो, हिवाळ्यात बाहेरची आत ओढतो. मुलं हमखास विचारतात, "सर, बाहेर थंडी असताना उष्णता येते कुठून?" त्यांना सांगा, हवेतली उष्णता पूर्ण संपायला तापमान उणे २७३ अंशांपर्यंत उतरावं लागेल. १० अंशांच्या हवेत भरपूर उष्णता शिल्लक असते. म्हणूनच साध्या हीटरला एक युनिट विजेतून एक युनिटच उष्णता मिळते, तर चांगला हीट पंप साधारण तीन युनिट आत आणतो.

आता थर्मोस्टॅट. त्याचं काम एवढंच: तापमान मोजायचं आणि कॉम्प्रेसरला 'चालू', 'थांब' किंवा 'हळू' सांगायचं. स्प्लिट एसीत त्याचा सेन्सर बहुधा भिंतीवरच्या युनिटमध्येच, म्हणजे छताजवळ असतो. गरम हवा वर जाते. त्यामुळे सेन्सरला २४ अंश दिसतात आणि पलंगावर आई शालीत गुरफटलेली! पंख्याच्या पात्या खाली वळवल्या की हा फरक बराच कमी होतो. रिमोटमध्येही सेन्सर असेल तर ती सोय चालू करून रिमोट उशाशी ठेवा.

गॅस खरंच कमी झालाय का, याचा अंदाज प्रयोगशाळेतल्या थर्मामीटरने घेता येतो. (तापाचा चालणार नाही, त्याची पट्टी ३५ अंशांच्या आसपास सुरू होते.) आधी जाळी धुऊन घ्या. रिमोटवर सूर्याचं चिन्ह आहे ना, हेही बघा. आमच्याकडे एकदा नातवाने बर्फाचं करून ठेवलं होतं. मग १५–२० मिनिटं एसी चालवून आत जाणाऱ्या आणि बाहेर येणाऱ्या हवेचं तापमान मोजा. बाहेर येणारी हवा १५ अंशांच्या आसपास जास्त गरम असेल, तर गॅसवर लगेच संशय घेऊ नका. फरक अगदीच किरकोळ असेल, तर मात्र मेकॅनिकला बोलवा. बाहेरचं युनिट स्वतः उघडू नका. बटण बंद केल्यावरही कपॅसिटरमध्ये वीज साठलेली असू शकते.

आमच्याकडे फरक १७ अंश आला.

कडाक्याच्या थंडीत आणखी एक गोष्ट घाबरवते. गरम करताना बाहेरचं युनिट आजूबाजूच्या हवेपेक्षाही थंड होतं. पाण्याकाठची दमट हवा त्यावर गोठू शकते. ते हिम वितळवायला यंत्र पाच-दहा मिनिटं उलटं चालतं. आतला पंखा थांबतो, बाहेर पाणी ठिबकतं, कधी वाफही दिसते. हा बिघाड नव्हे. वीज जाऊन आल्यावर कॉम्प्रेसर तीनेक मिनिटं थांबून सुरू होतो, तेही त्याच्या सुरक्षिततेसाठीच.

पण आमचा एसी रोज पावणेसातनंतरच का थांबायचा? मी आठवडाभर वहीत वेळा लिहिल्या. सोमवार ते शनिवार थांबायचा, रविवारी मात्र छान चालायचा. हिम आणि गॅस वार बघून येत नाहीत! मग अ‍ॅप उघडलं. त्यात 'घरी कोणी नसताना बंद' ही सोय चालू होती, आणि घरी कोणी आहे की नाही हे ते माझ्या फोनच्या जागेवरून ठरवत होतं. मी शाळेला निघालो की त्याच्या दृष्टीने घर रिकामं. आईकडे बटणांचा साधा फोन, तो या हिशेबात कुठून येणार?

ती सोय बंद केली, सकाळी सहा ते दहाची वेळ लावून दिली आणि चालू-बंदची दोन बटणं आईला दाखवून रिमोट तिच्या हाताशी ठेवला. त्यानंतर तिने पहिली तक्रार केली ती खोली फार गरम होते अशी. आता २२ वर ठेवतो.