समस्तीपूरच्या वैभवची घोडदौड

५ जानेवारी २०२४. पाटण्याच्या मोइन-उल-हक स्टेडियमवर मुंबई विरुद्ध बिहार हा रणजी सामना सुरू व्हायचा होता, आणि यजमान बिहारचे एक नव्हे, चक्क दोन संघ मैदानावर येऊन थडकले! एक संघ राज्य संघटनेच्या अध्यक्षांनी निवडलेला, दुसरा सचिवांच्या गटाने. बाचाबाची झाली, पोलिसांना मध्ये पडावे लागले. अखेर सचिवांच्या गटाचा संघ परत पाठवला गेला आणि सामना उशिराने का होईना, सुरू झाला.

या सगळ्या गोंधळात बिहारच्या एका मुलाचे रणजी पदार्पण झाले. वैभव सूर्यवंशी, वय १२ वर्षे २८४ दिवस. आपल्याकडे या वयाचा मुलगा सातवीत असतो. त्याला एकट्याला मामाच्या गावी पाठवायचे तरी आई दहा सूचना देते. हा मुलगा मात्र तोपर्यंत ४१ वेळा रणजी करंडक जिंकलेल्या मुंबईच्या गोलंदाजांसमोर उभा होता. त्याने १९ आणि १२ धावा केल्या. बिहारचे दोन्ही डाव शंभर-शंभर धावांत आटोपले आणि मुंबई एक डाव ५१ धावांनी जिंकली. संघाच्या शंभरात बारा वर्षांच्या पोराच्या एकोणीस, हे काही वाईट नव्हे.

तुलना होणारच, म्हणून सांगून टाकू. सचिन तेंडुलकर १९८८ च्या डिसेंबरात वानखेडेवर गुजरातविरुद्ध पहिला रणजी सामना खेळला, तेव्हा तो पंधरा वर्षांचा होता आणि त्याने नाबाद शतक ठोकले होते. वैभव त्याच्याहून पावणेतीन वर्षांनी लहान. पण रणजीतला सर्वांत लहान खेळाडू तोही नव्हे. तो मान अलीमुद्दीनचा. १९४२-४३ च्या हंगामात राजपुतान्याकडून तो खेळला तेव्हा त्याचे वय होते १२ वर्षे ७३ दिवस. पुढे तो पाकिस्तानकडून कसोटी क्रिकेट खेळला.

वैभवचा जन्म २७ मार्च २०११ चा, बिहारमधल्या समस्तीपूर जिल्ह्यातला. वडील संजीव सूर्यवंशी शेतकरी. त्यांना स्वतःला क्रिकेटपटू व्हायचे होते, ते जमले नाही. मुलाच्या हातात चार-पाच वर्षांचा असतानाच बॅट दिली आणि घराच्या आवारातच सरावाची सोय करून दिली. समस्तीपूरमध्ये जेवढे शिकण्यासारखे होते तेवढे शिकून झाल्यावर प्रश्न आला पाटण्याचा. तिथे मनीष ओझा नावाचे प्रशिक्षक शिकवत होते, पण पाटणा समस्तीपूरपासून सुमारे शंभर किलोमीटरवर! संजीव मुलाला दिवसाआड घेऊन जाऊ लागले. त्यासाठी त्यांनी शेतजमीन विकली, हे त्यांनीच पुढे पत्रकारांना सांगितले. ज्यांचे पोट शेतीवर आहे त्यांना या वाक्याचे वजन वेगळे समजावून सांगायला नको.

आणि आई? आयपीएलमधल्या शतकानंतर वैभवने सांगितले ते असे, की आई रात्री अकराला झोपायची आणि दोनला उठून त्याच्यासाठी स्वयंपाक करायची. वडिलांनी काम सोडले, मग घरचा भार मोठ्या भावाने उचलला. एका मुलाच्या बॅटला सबंध घराने असा टेकू दिला होता. मुलगा चमकला नसता तर याच गोष्टीला शेजाऱ्यापाजाऱ्यांनी काय नाव दिले असते, याची कल्पना आपण करू शकतो.

पण घराने कितीही केले तरी रणजीचा दरवाजा घराच्या हातात नसतो. बिहारच्या बाबतीत तर तो दरवाजा कित्येक वर्षे बंदच होता. नोव्हेंबर २००० मध्ये झारखंड वेगळे झाले. जुन्या संघटनेचे ठाणे जमशेदपूरला, म्हणजे नव्या राज्यात. काही वर्षांत मंडळाची मान्यता झारखंडकडे गेली आणि उरलेल्या बिहारचा रणजी संघच नाहीसा झाला. महेंद्रसिंग धोनी पहिला रणजी सामना बिहारकडून खेळला होता, तो पुढे झारखंडचा झाला. ईशान किशन पाटण्याचा, पण खेळला झारखंडकडून. जे घर सोडून जाऊ शकले ते गेले. ज्यांना ते परवडले नाही अशी किती मुले टेनिसच्या चेंडूवरच म्हातारी झाली, त्यांची नोंद कुठल्याही धावफलकावर नाही.

२०१८ च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयाने बिहारला स्पर्धांत खेळू देण्याचा आदेश दिला आणि २०१८-१९ च्या हंगामात बिहारचा संघ रणजीत परतला. न्यायालयाचा आदेश आला तेव्हा वैभव सात वर्षांचाही नव्हता. हाच मुलगा पंधरा वर्षे आधी जन्मला असता तर? जमीन विकूनही संजीव यांना त्याला परराज्यात नेऊन बसवावे लागले असते. संघटनेतली भांडणे मात्र दार उघडल्यावरही मिटली नाहीत, हे त्या दोन संघांच्या तमाशाने दाखवलेच.

पुढचा प्रवास वाचकांपैकी बहुतेकांनी टीव्हीवर पाहिला आहे. २०२४ मध्ये चेन्नईत ऑस्ट्रेलियाच्या १९ वर्षांखालील संघाविरुद्ध ५८ चेंडूंत शतक. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात जेद्दाहच्या लिलावात राजस्थान रॉयल्सने त्याच्यासाठी मोजलेले १ कोटी १० लाख. तेराव्या वर्षी एवढी रक्कम म्हटल्यावर वयाबद्दल कुजबुज झालीच. मंडळाने हाडांची चाचणी केव्हाच घेतली आहे, असे वडिलांनी सांगितले. १९ एप्रिल २०२५ ला आयपीएलमधल्या पहिल्याच चेंडूवर शार्दूल ठाकूरला षटकार, ३४ धावांवर बाद झाल्यावर मात्र डोळ्यांत पाणी. आणि २८ एप्रिलला जयपूरमध्ये गुजरात टायटन्सविरुद्ध ३५ चेंडूंत शतक! दुखऱ्या पायामुळे चाकांच्या खुर्चीत बसलेले प्रशिक्षक राहुल द्रविड त्या क्षणी पाय विसरून उभे राहिले. पुढच्याच सामन्यात, मुंबईविरुद्ध, वैभव शून्यावर बाद झाला. फेब्रुवारी २०२६ मध्ये हरारेला १९ वर्षांखालील विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात त्याने इंग्लंडविरुद्ध ८० चेंडूंत १७५ धावा झोडपल्या आणि भारताने चषक जिंकला.

हे सगळे झटपट क्रिकेट. रणजीचे काय? इथे हात जरा आखडता घ्यावा लागतो. २०२५-२६ च्या हंगामात बिहारने त्याला चौदाव्या वर्षी उपकर्णधार केले. मेघालयविरुद्ध तो ९३ पर्यंत पोहोचला, पण २०२५ अखेर रणजीतले पहिले शतक त्याच्या नावावर लागलेले नव्हते. २४ डिसेंबर २०२५ ला रांचीत विजय हजारे करंडकात त्याने ८४ चेंडूंत १९० धावा केल्या, बिहारने ५७४ धावांचा विक्रमी डोंगर रचला; पण समोर अरुणाचल प्रदेश होता, हेही ध्यानात ठेवायला हवे. चार दिवसांच्या सामन्यात दुसऱ्या दिवशी दुपारी, चेंडू खाली राहू लागल्यावर, दोन तास काहीच न करता उभे राहण्याचा अभ्यास षटकारांनी होत नाही. तो बिहारच्या मैदानांवरच व्हायला हवा, आणि त्यासाठी बिहारला चांगले प्रतिस्पर्धी मिळायला हवेत.

आता ईडन गार्डन्सवरचा एक सामना. २ डिसेंबर २०२५, सय्यद मुश्ताक अली करंडक, बिहार विरुद्ध आपला महाराष्ट्र. वैभवने ६१ चेंडूंत नाबाद १०८ धावा केल्या आणि या स्पर्धेतला सर्वांत लहान शतकवीर ठरला. मोडला तो विक्रम होता विजय झोलचा. जालन्याच्या विजयने २०१३ मध्ये, अठराव्या वर्षी, मुंबईविरुद्ध हे शतक केले होते. त्याच विजयने त्याआधी १९ वर्षांखालील कूचबिहार करंडकात नाबाद ४५१ धावा काढल्या होत्या, २०१४ च्या युवा विश्वचषकात भारताचे नेतृत्व केले होते. जालन्यात तेव्हा काय स्वप्ने रंगली असतील! भारताच्या मुख्य संघाची टोपी मात्र त्याला मिळाली नाही.

त्या सामन्यात महाराष्ट्राकडून खेळत होता पृथ्वी शॉ. तोही एके काळचा बालवीर. विरारहून पहाटेच्या लोकलने सरावाला जाणारा, २०१३ च्या हॅरिस शिल्डमध्ये ५४६ धावा कुटणारा, पहिल्या रणजी सामन्यात आणि पहिल्या कसोटीतही शतक करणारा. त्याचे घराणे मूळचे बिहारच्याच गयेचे. जेद्दाहच्या ज्या लिलावात तेरा वर्षांचा वैभव कोटीच्या घरात गेला, त्याच लिलावात पंचवीस वर्षांच्या पृथ्वीवर कुणीही बोली लावली नव्हती. मुंबईच्या रणजी संघातून तो बाहेर पडला होता, म्हणून महाराष्ट्राकडे आला होता.

बिहारच्या १७६ धावा झाल्या होत्या. पृथ्वीने ३० चेंडूंत ६६ धावा तडकावल्या आणि महाराष्ट्राने तीन गडी राखून सामना जिंकला.